कडबा कुट्टी किती बारीक हवी? कोकराच्या पोटातलं तंत्र समजून घ्या

यूट्यूबवर ‘कडबा कुट्टी मशीन’ सर्च केलं की ढीगभर व्हिडिओ येतात. त्यातल्या बऱ्याच व्हिडिओंत ‘एकदम बारीक कुट्टी’ हीच मशीनची खासियत म्हणून सांगतात. आपल्या जालना जिल्ह्यात ज्वारीचा कडबा, मक्याचा चारा आणि सोयाबीनचं भुस्कट यांवर शेळ्या-मेंढ्या जगतात. म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे: कुट्टी जितकी बारीक, तितकी चांगली का? उत्तर आहे, नाही. का ते पाहू.

पोटात नेमकं काय चालतं?

मेंढीच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट, म्हणजेच रुमेन. चाऱ्यातले तंतू मेंढी स्वतः पचवू शकत नाही, ते काम इथले जिवाणू करतात. कोठीपोटातल्या एक मिलीलीटर द्रवात हजार कोटींच्या आसपास जिवाणू असतात! ते चारा आंबवतात आणि त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक ही आम्लं तयार होतात. मेंढीला बहुतेक ऊर्जा यातूनच मिळते.

नुकत्याच जन्मलेल्या कोकराचं कोठीपोट मात्र अजून कामाला लागलेलं नसतं. दूध थेट चौथ्या कप्प्यात जातं. कोकरू चारा आणि खुराक खायला लागलं की कोठीपोट वाढतं आणि साधारण दोन महिन्यांत बऱ्यापैकी तयार होतं. आम्लांमुळे आतलं अस्तर वाढतं, तर जाडसर चाऱ्यामुळे भिंतीचे स्नायू बळकट होतात. म्हणजे दोन्ही लागतं.

तुकडा लहान झाला की काय होतं?

आधी फायदा. अख्ख्या कडब्यात जनावर पानं खातं आणि धाटं टाकून देतं. कुट्टी केली की चारा वाया कमी जातो. शिवाय तुकडे लहान असले की जिवाणूंना चिकटायला जास्त जागा मिळते आणि चारा लवकर आंबतो.

पण कोठीपोटाला एक ‘चाळणी’ असते. मेंढीत साधारण एक मिलीमीटरपेक्षा मोठे कण सहसा पुढे जात नाहीत, ते रवंथ होऊन बारीक व्हावे लागतात. चाऱ्याची पावडरच केली, तर तो पुरता पचायच्या आतच पुढे सरकतो.

दुसरी गोष्ट लाळेची. रवंथ करताना भरपूर लाळ सुटते आणि तिच्यात बायकार्बोनेट असतं, जे आपल्या खाण्याच्या सोड्यातही असतं. ते आम्लाचा जोर कमी करतं. केमिस्ट्रीत याला ‘बफर’ म्हणतात (व्हिडिओ अडकतो ते बफरिंग वेगळं!). चारा फार बारीक केला की रवंथ कमी, लाळ कमी आणि बफरही कमी.

कोठीपोटाचा पीएच ६ ते ७ च्या दरम्यान असावा. तो ६ च्या खाली गेला की तंतू पचवणारे जिवाणू मंदावतात. त्यात मक्याचं पीठही भरपूर दिलं, तर पीएच ५.५ च्याही खाली जाऊ शकतो. मग कोकरू खाणं सोडतं, हगवण लागते, कधी जीवही जातो. नुसत्या चाऱ्यावर हा धोका कमी असतो, खरा धोका बारीक चारा आणि जास्त धान्य एकत्र आल्यावर होतो.

मग काय करायचं?

• कुट्टी साधारण एक इंचाची ठेवा. बऱ्याच मशीनमध्ये गिअर बदलून लांबी बदलता येते.
• भुस्कट आधीच बारीक असतं. त्याच्या जोडीला थोडा लांब चारा द्या.
• धान्याचं पीठ नको, जाड भरडा द्या. प्रमाण हळूहळू, १०-१५ दिवसांत वाढवा.
• फोन वापरा. खाऊन बसलेल्या मेंढ्यांचा रोज एकाच वेळी व्हिडिओ घ्या आणि किती जणी रवंथ करतायत ते मोजा. गिअर बदलल्यावर हा आकडा उतरला, तर कुट्टी जास्त बारीक झाली असं समजा.

कोकरू सुस्त दिसलं किंवा पोट फुगलं, तर घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नका. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. आहाराचं गणित बसवायचं असेल, तर जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहेच.