फाइलचं नाव किती लांब? सुरतेच्या कागदांचा बॅकअप घेताना

मंडळाच्या कागदांचं स्कॅनिंग करताना मी फाइलींना ऐसपैस मराठी नावं देत गेलो. कागद कुठला, कधीचा, हे नावातच असलेलं बरं, नाहीतर नुसत्या क्रमांकावरून कळणार काय? त्यातलंच हे एक:

शिवाजी महाराजांची सुरतेवरील दुसरी स्वारी, ऑक्टोबर १६७०, इंग्रज वखारीच्या पत्राची छायाप्रत, पान ३

विंडोजवर हे नाव बिनतक्रार राहिलं. बॅकअपची पेटी मात्र लिनक्सवर चालणारी. ‘काम पूर्ण’ असा संदेश आला, मी निश्चिंत झालो. तीन महिन्यांनी सहज फाइली मोजल्या, तर तिकडे कमी! प्रोग्रामने लांब नावाच्या फाइली सोडून दिल्या होत्या आणि तशी नोंद कुणी न उघडणाऱ्या लॉगमध्ये करून ठेवली होती. मधल्या काळात मूळ डिस्क गेली असती तर?

मर्यादा दोन्हीकडे २५५च, पण सुरती मण आणि बंगाली मण यांच्यासारखी. नाव एक, माप वेगळं. विंडोजची एनटीएफएस देवनागरीचं एकेक चिन्ह मोजते, लिनक्सची एक्स्ट४ बाइट मोजते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हं. ‘स्वारी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात. संगणकाला ६ चिन्हं, म्हणजे १८ बाइट. वरचं नाव शेवटच्या टिंब-पीडीएफसकट विंडोजच्या हिशेबात १००, लिनक्सच्या हिशेबात २६२. सात बाइटांनी हुकलं!

इक्रिप्टएफएस पद्धतीने फोल्डर कुलूपबंद केलं तर मर्यादा १४३ बाइटांवर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं. मोडीत नाव देणाऱ्या हौशी मंडळींनी तर जपूनच राहावं. २०१४ साली युनिकोडमध्ये आलेल्या मोडीच्या प्रत्येक चिन्हाला ४ बाइट लागतात.

आणखी एक गंमत ‘बऱ्हाणपूर’ची. यातला ऱ एकसंध चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा र आणि खाली नुक्ता असा दोन चिन्हांत. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का तो फोडून ठेवतात. डोळ्यांना नाव तेच, बॅकअपला मात्र दोन वेगळ्या फाइली.

आता मी नाव आटोपशीर ठेवतो: ‘सुरत १६७०-१० वखारपत्र ३’. त्यातले आकडे इंग्रजी, कारण मराठी आकड्यांत नुसत्या सालालाच १२ बाइट जातात, इंग्रजीत ४. बाकी तपशील त्याच फोल्डरमधल्या नोंदवहीत. आणि बॅकअप झाला की दोन्हीकडच्या फाइली मोजून मगच चहा.