कानातली खोली आणि प्रवेशाचा अर्ज

कॉलेजच्या जिन्यात, बसच्या रांगेत, लोकलच्या डब्यात, इतकेच काय पण घरी जेवणाच्या पानावरसुद्धा आजचा विद्यार्थी दिसला की त्याच्या कानात काहीतरी असतेच. पूर्वी कानात यंत्र घालीत ते ऐकू न येणारे आजोबा. आता यंत्र घालतो सोळा वर्षांचा नातू, आणि ऐकू येत नाही तेही त्यालाच! आई दोनदा हाक मारते, तिसऱ्यांदा खांद्याला हात लावते, तेव्हा कुठे एक बोंड कानातून निघते आणि "काय गं?" असा प्रश्न येतो. "अरे, निकाल तोंडावर आला, अकरावीचा अर्ज भरायचा आहे, आणि तुझे आपले गाणे चालूच!" हे वाक्य वाचकांपैकी किती जणांच्या घरात उच्चारले गेले असेल, याची मोजदाद न केलेलीच बरी.

मी मराठी शिकवतो, आणि प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शन कक्षात बसण्याचे कामही माझ्याकडे असते. त्यामुळे गाण्याचे यंत्र आणि प्रवेशाचा अर्ज या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या हातात, आणि आता तर एकाच मोबाइलमध्ये, पाहण्याचा योग दरसाल येतो. आईबापांना वाटते की गाणे हा अर्जाचा शत्रू आहे. गाण्यात गुंग असल्यामुळे मुलाला भवितव्याची फिकीर नाही. मला मात्र दिसते ते निराळेच. ते सांगण्याआधी हे यंत्र कानात शिरले कसे, ते थोडक्यात पाहू.

दोन भोकांचे यंत्र

एके काळी रेडिओ हा घरातला एक माणूसच होता. त्याची जागा ठरलेली, त्याच्यावर विणलेले आच्छादन, आणि त्याचा कान पिळण्याचा अधिकार फक्त वडिलांना. १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. त्याआधीपासूनच रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला घरोघर गाजत होती. कोणाला बातम्या हव्यात, कोणाला नाट्यगीत, कोणाला क्रिकेट, यावरून भांडणे होत. पण जे लागेल ते ऐकत सगळेच. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर १९५४ साली अमेरिकेत बाजारात आला, आणि पुढे आपल्याकडेही ट्रान्झिस्टरचे वेड पसरले. तरी तो वाजे गॅलरीत नाहीतर पानपट्टीच्या दुकानात, सगळ्या आळीसाठी.

ही सार्वजनिक मैफल मोडली ती १ जुलै १९७९ रोजी. त्या दिवशी जपानात सोनी कंपनीचा पहिला वॉकमन विक्रीला आला. कंपनीच्या संस्थापकांपैकी मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायला सुटसुटीत यंत्र हवे होते, त्यातून ही कल्पना निघाली. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी ते घरी नेऊन लावून पाहिले. त्यांचे ऐकणे चालले आणि पत्नी बसली बाजूला. साहजिकच त्यांना ते आवडले नाही. एकट्यानेच ऐकत बसणे हा असभ्यपणा होईल, असे मोरितांच्या मनाने घेतले. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनसाठी दोन भोके ठेवली गेली, आणि वर एक नारिंगी बटण बसवले. ते दाबले की गाणे हलके होई आणि यंत्रातल्या मायक्रोफोनमधून दोघांना एकमेकांचे बोलणे ऐकू येई.

पण गिऱ्हाइकांना वाटून घेण्याची हौस नव्हती. हे यंत्र आपले एकट्याचे, असेच लोक मानू लागले. नारिंगी बटण पुढच्या मॉडेलांतून गेले, आणि काही काळाने दुसरे भोकही गेले. एका जपानी नवऱ्याला बायकोच्या कपाळावरच्या आठीने जे शहाणपण सुचले होते, ते बाजारात टिकले नाही!

बारा गाण्यांची यादी

आमच्या कॉलेजच्या दिवसांत, म्हणजे १९९६ च्या आसपास, वॉकमन हातात असलेला मुलगा वर्गात एखादाच, आणि त्याच्याभोवती मधमाश्यांसारखी गर्दी. गाण्यांची कॅसेट विकत घेणे परवडत नसे. मग गल्लीतल्या दुकानदाराकडे कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची. तो आठवड्याने गाणी भरून देई. साठ मिनिटांच्या कॅसेटवर साधारण बारा गाणी मावत. त्या बारांची निवड करताना वहीची किती पाने फुकट गेली असतील! पहिले कोणते, कोणत्या गाण्याने पहिली बाजू संपवायची, दोघांची आवडनिवड जुळेना तर कोणते गाळायचे, यावर कट्ट्यावर तासन्‌तास खल चाले. फीत गुरफटली की पेन्सिल घालून फिरवायची, आणि सेल संपत आले की गायिकेचा गायक व्हायचा.

२००१ च्या ऑक्टोबरात ॲपल कंपनीचा आयपॉड आला, आणि बाराची हजार गाणी झाली. २०१६ नंतर आपल्याकडे मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले, तेव्हा हजाराची मोजदादच संपली. आयपॉडचे उत्पादनही २०२२ मध्ये थांबले, कारण त्याचे काम मोबाइलने गिळले. वायरही गेली, आता दोन पांढरी बोंडे तेवढी उरली. एक गोष्ट मात्र बदलली नाही. आजही प्रत्येक मुलाच्या मोबाइलमध्ये त्याने स्वतः लावलेली गाण्यांची यादी असते. अभ्यासाची निराळी, प्रवासाची निराळी, आणि एक अशी, की जी कोणालाच दाखवायची नाही. त्या यादीचा क्रम त्याचा त्याने ठरवलेला असतो. वर्गातला त्याचा क्रमांक परीक्षक ठरवतात, क्लासची तुकडी चाचणीचे गुण ठरवतात, सकाळी किती वाजता उठायचे ते लोकल ठरवते. सोळाव्या वर्षी माणसाच्या स्वतःच्या हातात असलेला क्रम हा एवढाच!

दहा महाविद्यालयांची यादी

आता दुसऱ्या यादीकडे वळू. आमच्या वेळी अकरावीचा प्रवेश म्हणजे जून महिन्यातली पायपीट. प्रत्येक कॉलेजचा अर्ज निराळा, रांग निराळी. छत्री सावरीत फळ्यावर लागलेल्या यादीत नाव शोधायचे, आणि नाही सापडले की पुढच्या कॉलेजच्या फळ्याकडे धाव घ्यायची. मुंबई विभागात २००९ पासून हे काम संगणकावर आले, आणि २०२५ पासून सगळ्या महाराष्ट्राला एकच ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया लागू झाली. त्या वर्षी २१ मे रोजी नोंदणी उघडताच संकेतस्थळाने मान टाकली आणि २६ मेला ती नव्याने सुरू झाली, हे पुष्कळ पालकांना आठवत असेल.

अर्जाचे दोन भाग. पहिल्यात नाव, गाव, गुण, दाखले. दुसऱ्यात पसंतीक्रम, म्हणजे निदान एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालये, आवडीच्या क्रमाने. मग गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली पाहिली जाते आणि जिथे जागा असेल तिथे त्याचे नाव लागते. वरच्या क्रमांकावर अवघड कॉलेज घातले म्हणून खालचे हातचे जात नाही; तेव्हा खरी आवड असेल तोच क्रम लिहावा, हे मी पालकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पण यात एक मेख आहे. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, तर प्रवेश घ्यावाच लागला. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. म्हणजे दहा ओळींतली पहिली ओळ ही दोन वर्षांची बेडी होऊ शकते किंवा दोन वर्षांचा आनंद. आणि नेमकी ती ओळ पुष्कळ घरांत मुलाने लिहिलेली नसते.

त्या उन्हाळ्यात एक गृहस्थ मुलीला घेऊन कक्षात आले. राहणारे कल्याणचे. दाखल्याविषयी काही शंका होती, अर्ज आधीच भरून झालेला. पहिल्या क्रमांकावर दक्षिण मुंबईतले एक नावाजलेले कॉलेज, आणि घराजवळचे कॉलेज सहाव्या क्रमांकावर. मुलीच्या एका कानात बोंड होते. वडील ओशाळून म्हणाले, "सर, राग मानू नका, हिचे हे असेच. कशातच लक्ष नाही." मी मुलीला विचारले, "तुझ्या मनातले पहिले कोणते?" तिने बोंड काढले, वडिलांकडे पाहिले आणि म्हणाली, "बाबांनी लावलाय तोच क्रम." एवढे बोलून बोंड पुन्हा कानात.

ते गृहस्थ वाईट नव्हते. जाताना त्यांनी सांगितले, त्यांच्या तरुणपणी त्याच कॉलेजातला प्रवेश दोन गुणांनी हुकला होता. वीस वर्षे लोकलमधून त्या इमारतीच्या वाटेने ते कचेरीत गेले. मुलीला मिळालेले गुण पाहून त्यांना वाटले, आपले राहिलेले हिच्या हातून होईल. कोणत्या बापाला असे वाटणार नाही?

यादी लागली, पहिलेच कॉलेज मिळाले, घरी पेढे वाटले गेले. गणपतीत ती मुलगी मला कल्याण स्टेशनवर भेटली. पहाटे पाचला उठते, जाताना तासाभराहून जास्त, येताना तेवढेच, संध्याकाळी क्लास. "गाडीत गाणी ऐकत असशील," मी म्हटले. "कधी गाणी, कधी क्लासच्या सरांचे रेकॉर्ड केलेले लेक्चर. ते दीडपट वेगाने लावते, म्हणजे लवकर संपते." मग थोडे थांबून म्हणाली, "पुष्कळदा तर काहीच लावलेले नसते, सर. कानात असले की कोणी बोलायला येत नाही. घरी आजीचा टीव्ही, भावाचा खेळ, बाबांचे 'आज काय शिकवले?' तेवढा वेळ बरे वाटते."

वाचकहो, काहीच लावलेले नसते! आपण ज्याला गाण्याचे वेड म्हणतो, ते पुष्कळदा नुसते लोटलेले दार असते. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात सोळा वर्षांच्या मुलीला स्वतःची खोली कुठली मिळणार? ती दोन बोंडांची खोली करते. आणि अर्जाच्या यादीत ज्या मुलाला तोंड उघडता आले नाही, ते त्या खोलीत जरा जास्तच वेळ बसते, असे माझ्या पाहण्यात आहे.

कानाची काळजी, मनाची काळजी

याचा अर्थ हवे तितके ऐकू द्यावे असा मात्र नव्हे. कानाच्या आतल्या शंखात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर चालतो. तोच ९० वर गेला की मर्यादा चारच तासांवर येते. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबलची. जगात १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला असा धोका आहे, असे ही संघटना सांगते. लोकलच्या खडखडाटावर मात करायला मुले आवाज चढवतात, धोका तिथेच आहे. मोबाइलचा आवाज शेकडा साठाच्या वर नेऊ नये, आणि मधूनमधून कानाला विसावा द्यावा, हे मुलाला सांगायलाच हवे. पण ते कान ओढून नव्हे.

मग करावे काय? मोरितांचे दुसरे भोक आपण घरी पुन्हा पाडू शकतो. या दिवाळीच्या सुट्टीत फराळाचे ताट पुढे करताना मुलाला म्हणून पाहा, "एक बोंड मला दे बरे, काय ऐकतोस ते मला ऐकव." प्रथम तो संशयाने पाहील. गाणे तुम्हाला कदाचित पत्र्याच्या डब्यात खडे घातल्यासारखे वाटेल. वाटू द्या, निदान दोन गाणी तोंड वाकडे न करता ऐका. हेच गाणे यादीत पहिले का, ते विचारा. तो सांगू लागला की मध्ये बोलू नका. मुलाच्या आवडीचे कारण ऐकून घेण्याची सवय आपल्याला गाण्यापासून लावून घेता येते, कारण तिथे आपले काही बिघडत नाही.

ही सवय उन्हाळ्यात उपयोगी पडेल. दहावीचा निकाल लागेल, पसंतीक्रमाच्या रकान्यांपुढे सगळे घर गोळा होईल. त्या वेळी कोऱ्या कागदावर पहिली यादी मुलाला एकट्याला करू द्या. मग तुमची करा, आणि दोन्ही शेजारी ठेवा. प्रवासाचे तास मोजा, फी पाहा, गुणांचा अंदाज घ्या. अनुभवाचे चार शब्द सांगण्याचा तुमचा हक्क कोणी काढून घेतलेला नाही. पण प्रत्यक्ष अर्जात पहिली ओळ भरताना बोट मुलाचे असू द्या. ते कॉलेज मिळाले, तर तिथे दोन वर्षे पहाटे उठून जायचे आहे ते त्याला, आपल्याला नव्हे.