चोवीसने गुणायचं

आतड्यातल्या मोठ्या जंताची, म्हणजे ॲस्कॅरिसची, एक मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दर सेकंदाला दोनाहून जास्त, माणूस गाढ झोपलेला असतानाही. वर्षाला ७ कोटी ३० लाख. एक अंडं साधारण ०.०६ मिलिमीटरचं, पण एका दिवसाची अंडी एकापुढे एक मांडली तर १२ मीटरची रांग होते. घालणारी स्वतः वीतभर, फार तर दीड वीत.

आता प्रयोगशाळेत या. काटो-कॅट्झ पद्धतीत चाळणीतून गाळलेली विष्ठा ६ मिलिमीटर रुंद, दीड मिलिमीटर खोल छिद्रात भरतात. ती भरते ४१.७ मिलिग्रॅम. वर ग्लिसरिनमध्ये भिजवलेला सेलोफेन दाबायचा, सूक्ष्मदर्शकाखाली अंडी मोजायची आणि २४ने गुणायचं, की एका ग्रॅममधली अंडी कळतात. दिवसाची विष्ठा २०० ग्रॅम धरली, तर स्लाइडवर येतो तिचा ४,८००वा भाग. तरीही त्या एकट्या मादीची चाळीसेक अंडी तिथे दिसायला हवीत! खडबडीत कवचाची, तपकिरी. सरावलेली नजर चुकत नाही.

अंकुशकृमीचं तसं नाही. त्याची मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते, म्हणजे याच हिशेबाने स्लाइडवर एक किंवा दोन. अंडी सगळीकडे सारखी मिसळलेलीही नसतात. त्यात कवच इतकं नाजूक, की ग्लिसरिनमुळे अर्ध्या-एक तासात दिसेनासंच होतं. आणि पोटात नुसते नर असतील तर अंडी शून्य, जंत मात्र हजर. म्हणून एका स्लाइडवरच्या शून्यावर मी तरी विसंबणार नाही. त्याच नमुन्याची दुसरी स्लाइड पाहावीच.

मातीतून पसरणारे हे कृमी जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. एवढ्यांची स्लाइड कोण बघणार? म्हणूनच जंतनाशक दिनी आपल्या अंगणवाड्या-शाळांत मुलांना तपासणीशिवायच अल्बेंडाझोलची गोळी देतात. पण गोळ्यांनी किती फरक पडला, हे पुन्हा त्या ४१.७ मिलिग्रॅमवरूनच ठरतं. तिथे कुणीतरी घड्याळ बघत, अंकुशकृमीची अंडी विरायच्या आत, एकेक मोजत असतं.