चर्चगेटच्या पुढचे रूळ

चांदवडवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याने एकेकाळी खानदेशचा कापूस बैलगाड्यांतून मुंबई बंदराकडे उतरायचा. १८६० च्या दशकात रेल्वे मनमाडवरून गेली, चांदवड बाजूला पडलं आणि गाड्यांचा राबता ओसरला. त्याच दशकात कापसाच्याच पैशाने मुंबईचा पश्चिम किनारा बदलत होता.

अमेरिकेत यादवी पेटली होती आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्या तेजीत बॅकबेचा समुद्र बुजवायला कंपनी निघाली. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, भाव कोसळले, कंपनी बुडाली. भरावाची चिंचोळी पट्टी मात्र बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेच्या कामी आली. १८७० मध्ये चर्चगेट स्थानक झालं, १८७३ पर्यंत रूळ कुलाब्याला पोचले. ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने गाडी धावायची आणि रुळांपलीकडे थेट समुद्र. १८९६ मध्ये कुलाब्याला देखणं टर्मिनस उभं राहिलं. कापसाचा बाजारही तिथून जवळच होता. जानेवारी १९२८ मध्ये तर कुलाबा-बोरिवली विजेची लोकल सुरू झाली.

पण पुढच्या तीन वर्षांत हे सगळं आवरलं! १९२० च्या दशकात सरकारने पुन्हा बॅकबेत भराव घालायला घेतला. त्यातला गैरकारभार वकील खुर्शीद नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला, योजना आखडती घ्यावी लागली. तरी नव्या जमिनीच्या आड येणारे रूळ काही वाचले नाहीत. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३० रोजी मुंबई सेंट्रल उघडलं. ३१ डिसेंबरला कुलाबा स्थानक बंद झालं. समुद्र दूर ढकलला गेला, मरीन ड्राइव्ह बांधला गेला आणि ओव्हलसमोर आर्ट डेको इमारतींची रांग आली. २०१८ मध्ये ती ओव्हलपलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह जागतिक वारशात गेली. त्या वारशात रेल्वेचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

मनमाडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलात, तर मरीन ड्राइव्हची फेरी होतेच. गिरगाव चौपाटीकडून चर्चगेटपर्यंत लोकल अजूनही किनाऱ्याला जवळजवळ समांतर धावते. पुढचा भाग पायीच पाहायचा: ओव्हलची पश्चिम कड, कूपरेज आणि शेवटी बधवार पार्क. कुलाबा टर्मिनसच्या जागी आता ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. पश्चिम रेल्वे आणि महापालिकेने ही वाट जागोजागी खुणा करून दाखवायला हवी.