संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र : मागणी, पडताळणी आणि जबाबदारी

शासन आणि नागरिक यांच्यातील व्यवहाराचा मोठा भाग आज संकेतस्थळांच्या द्वारे होऊ लागला आहे. सात-बाराचा उतारा, निरनिराळे दाखले, घरपट्टीचा भरणा, महाविद्यालयीन प्रवेश अशा कामांसाठी नागरिक आपला आधार क्रमांक किंवा बँक खात्याचा तपशील पडद्यावरील एका पानावर भरतो. ते पान खरोखरच त्या कार्यालयाचे आहे आणि भरलेली माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, असा त्याचा विश्वास असतो. हा विश्वास ज्या तांत्रिक दस्तऐवजावर आधारलेला आहे, तो म्हणजे संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र. ते कसे मिळते आणि त्याची मर्यादा काय, याची माहिती कार्यालयप्रमुख, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांना असणे आवश्यक आहे.

प्रमाणपत्र कशासाठी?

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती तालुका ओलांडून इंदापूरच्या शिवारापर्यंत जाते. वाटेत कोठेही कालवा फोडला गेला, तर शेवटच्या शेतकऱ्यास त्याची झळ पोहोचते. माहितीचा प्रवासही असाच लांबचा आहे. भिगवण किंवा निमगाव केतकी येथील नागरिकाने मोबाइलवर लिहिलेला मजकूर अनेक यंत्रांतून पुढे सरकत एखाद्या दूरच्या केंद्रातील संगणकापर्यंत पोहोचतो. तो उघडा गेला, तर वाटेत वाचला जाऊ शकतो, बदललाही जाऊ शकतो. म्हणून तो गूढलिपीत रूपांतरित करून पाठविला जातो. परंतु ही गूढलिपी योग्य संस्थेशीच ठरविली जात आहे ना, हेही कळले पाहिजे. प्रमाणपत्रात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची अंकीय स्वाक्षरी असते. ब्राउझर ती स्वाक्षरी तपासतो आणि त्यानंतरच पान निर्धोकपणे उघडतो.

सात-बारा उताऱ्यावर असणारी अंकीय स्वाक्षरी ही याहून वेगळी बाब होय. ती स्वाक्षरी दस्तऐवजाची साक्ष देते. संकेतस्थळाचे प्रमाणपत्र जोडणीची साक्ष देते.

पडताळणी ताब्याची

प्रमाणपत्रांचे काही प्रकार आहेत. त्यांपैकी सर्वाधिक वापरात असलेला प्रकार केवळ नावाच्या म्हणजे डोमेनच्या पडताळणीवर दिला जातो. अर्जदार कोण, त्याचे कार्यालय कोठे, याची चौकशी त्यात होत नाही. ‘हे नाव तुमच्या ताब्यात आहे काय?’ एवढाच प्रश्न विचारला जातो. ग्रामीण वाचकांच्या परिचयाच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे मालकीचे कागद पाहिले जात नाहीत, प्रत्यक्ष वहिवाट पाहिली जाते.

वहिवाट सिद्ध करण्याच्या रीती ठरलेल्या आहेत. प्रमाणपत्र देणारी संस्था एक सांकेतिक अक्षरमालिका देते. ती संकेतस्थळावर विशिष्ट ठिकाणी ठेवावी लागते, किंवा त्या नावाच्या डीएनएस नोंदवहीत लिहावी लागते. ज्याच्या हाती ते नाव आहे, त्यालाच हे शक्य असते.

क्लाउड सेवेकडे विनंती

पूर्वी हे सर्व काम हाताने केले जाई. आता ते एपीआयच्या साहाय्याने होते. एपीआय म्हणजे एका संगणकाने दुसऱ्या संगणकाकडे ठरावीक नमुन्यात केलेल्या अर्जाची व्यवस्था. कालव्याच्या पाण्यासाठी शेतकरी सात नंबरचा अर्ज भरतो, त्यातील रकाने जसे ठरलेले असतात, तसेच येथेही असतात.

उदाहरणादाखल, ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने जानेवारी २०१६ मध्ये सुरू केलेली प्रमाणपत्र व्यवस्था पाहू. विनंतीत संकेतस्थळाचे नाव, आवश्यक तर जोडनावे आणि पडताळणीची रीत लिहावयाची. उत्तरादाखल एक ओळखक्रमांक मिळतो आणि अर्ज ‘पडताळणी प्रलंबित’ या स्थितीत राहतो. त्या क्रमांकाच्या आधारे डीएनएसमध्ये करावयाची नोंद विचारून घ्यावी व ती लिहावी. सेवेस ती नोंद आढळली, की प्रमाणपत्र दिले जाते. ७२ तासांत पडताळणी न झाल्यास अर्ज बाद होतो व नव्याने विनंती करावी लागते. डीएनएसमधील नोंद तशीच ठेवली आणि प्रमाणपत्र वापरात असले, तर पुढील नूतनीकरण आपोआप होते. येथे एक चूक हमखास घडते. काम झाले असे समजून कोणी ती ‘अनावश्यक’ नोंद पुसून टाकतो आणि पुढचे नूतनीकरण अडते.

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा तत्त्वावरील सेवा अशी प्रमाणपत्रे विनामूल्य देते. तिने रूढ केलेली ‘ॲकमी’ नावाची कार्यपद्धती मार्च २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तेव्हा लहान ग्रामपंचायतीस खर्चाची अडचण सांगण्याचे कारण उरलेले नाही.

मुदतीचा प्रश्न

सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची कमाल मुदत ३९८ दिवस होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या यांच्या मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून केवळ ४७ दिवस ठरविण्यात आली. वर्षातून एकदा आठवणीने करावयाचे काम दर दीड महिन्याने करावे लागणार असेल, तर ते यंत्राकडे सोपविण्यावाचून गत्यंतर नाही. मुदत संपलेल्या संकेतस्थळावर ब्राउझर धोक्याची सूचना देतो. प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी असे घडल्यास विद्यार्थ्यांची कोणती अवस्था होईल, हे शिक्षकांना सांगावयास नको.

प्रमाणपत्राची मर्यादा

प्रमाणपत्र आहे म्हणून संकेतस्थळ प्रामाणिक आहे, असे मानणे चुकीचे ठरेल. फसवणूक करणारा इसम मिळतेजुळते नाव विकत घेतो आणि त्या नावाचे रीतसर प्रमाणपत्रही मिळवितो, कारण ते नाव खरोखरच त्याच्या ताब्यात असते. पत्त्याशेजारील कुलपाच्या चिन्हाचा लोक चुकीचा अर्थ घेतात, म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये संगणकावरील ते चिन्ह बदलले. नागरिकांनी नावच पाहावयास शिकले पाहिजे. ‘जीओव्ही डॉट इन’ हे नाव केवळ शासकीय यंत्रणांना दिले जाते. रिझर्व्ह बँकेनेही २०२५ मध्ये बँकांना ‘बँक डॉट इन’ हे स्वतंत्र नाव घेण्यास सांगितले, त्यामागे हाच विचार आहे.

प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेवरही देखरेख लागते. जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे उघडकीस आले आणि ती तत्काळ रद्द करावी लागली. आज दिल्या जाणाऱ्या प्रमाणपत्रांची नोंद सार्वजनिक नोंदवह्यांत होते. आपल्या नावावर कोणी परस्पर प्रमाणपत्र घेतले आहे काय, हे कोणत्याही कार्यालयास तेथे पाहता येते.

नाव कार्यालयाच्याच ताब्यात हवे

सर्व व्यवस्था नावाच्या ताब्यावर उभी असल्याने तो ताबा कोणाकडे आहे, हा खरा प्रश्न आहे. संकेतस्थळ तयार करणाऱ्या ठेकेदाराने नाव स्वतःच्या खात्यावर नोंदविले असेल, तर पडताळणीच्या दृष्टीने तोच वहिवाटदार ठरतो. करार संपला, ठेकेदार गाव सोडून गेला, तर ग्रामपंचायतीस स्वतःच्याच नावाचे प्रमाणपत्र मागता येत नाही. यास्तव पुढील दक्षता घ्यावी. नावाची नोंदणी संस्थेच्या नावे व पदाच्या ई-मेलवर असावी, व्यक्तीच्या नव्हे. डीएनएस खात्याचा ताबा दप्तराप्रमाणे कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत नोंदवावा. एपीआयच्या किल्लीस केवळ आवश्यक तेवढेच अधिकार द्यावेत, आणि ती मोबाइल संदेशातून कोणास पाठवू नये. नूतनीकरण आपोआप होत असले, तरी महिन्यातून एकदा मुदतीची तारीख पाहण्याचे काम एका कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावे.

बारामती येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या विद्या प्रतिष्ठानसारख्या संस्थांमुळे या परिसरात तांत्रिक शिक्षणाची सोय झाली आहे. तेव्हा हे काम समजणारे तरुण जवळपासच मिळू शकतात. त्यांचे साहाय्य अवश्य घ्यावे. मात्र ग्रामपंचायतीचा शिक्का जसा ग्रामपंचायतीच्याच कपाटात राहतो, तसे तिचे नावही तिच्याच हाती राहिले पाहिजे.