पर्सच्या अस्तरावरची शाई: कुठून काढायची, कुठे जपायची



गटाचं काम बघणाऱ्या कुठल्याही बाईची पर्स उघडून बघा. आत पासबुकं असतात, चेकबुक असतं, गटाचा शिक्का आणि शाईचा पॅड असतो, जमा झालेली बचत रुमालात बांधलेली असते, दोन-तीन पेनं असतात. आणि तळाशी अस्तरावर एक निळा नाहीतर जांभळा डाग असतो. खंडाळा तालुक्यात शिरवळपासून लोणंदपर्यंत बैठकांना फिरताना आम्हाला डाग नसलेली पर्स क्वचितच दिसते. 'आतलाच डाग आहे, कोण बघतंय,' असं म्हणून आपण तो सोडून देतो.

पण अस्तरावरची शाई आतल्या आत बसून राहत नाही. उन्हाळ्यात ती ओलसर होते, पावसाळ्यात दमटपणाने पसरते. मग पासबुकाच्या कडा निळ्या होतात, नोटांना डाग लागतात, कर्जाच्या अर्जावर ठिपका पडतो. पर्स आपली असली तरी आतला ऐवज दहा-बारा जणींचा असतो. म्हणून आज आपण हा डाग नीट समजून घेऊ. तो काढायचा कसा हे बघू, आणि काढताना आपलेच कागद कसे सांभाळायचे तेही बघू.

आधी शाई ओळखा

सगळ्या शाया सारख्या नसतात. एका डागावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालत नाही, तो याचमुळे.

पहिली बॉलपेनची शाई. लास्लो बिरो नावाच्या हंगेरीतल्या पत्रकाराने १९३८ साली बॉलपेनचं पेटंट घेतलं. फाउंटन पेनची पातळ शाई सांडते, फिसकटते, याला तो कंटाळला होता. रसायन जाणणाऱ्या भावाच्या मदतीने त्याने घट्ट, चिकट शाई तयार केली. ही शाई तेलकट असते. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही, तसाच हा डागही पाण्याने निघत नाही. त्याला स्पिरिट लागतं.

दुसरी शिक्क्याच्या पॅडची शाई. पॅड लवकर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा पदार्थ घातलेला असतो. त्यामुळे ती अस्तरावरही लवकर सुकत नाही आणि सावकाश पसरत राहते. तिच्यावर आधी थंड पाणी आणि साबण, मग उरलेल्या रंगावर स्पिरिट.

तिसरी जेल पेनची. ही पाण्यात कालवलेली असते, पण बऱ्याच जेल पेनांमध्ये विरघळणारा रंग नसून बारीक रंगकण असतात. हे कण धाग्यांत अडकून बसतात. साबणपाणी आणि मऊ ब्रशने डाग फिका होतो, पण पूर्ण जाईलच असं नाही.

चौथी मार्करची. बैठकीत तक्ता लिहायला आपण जो मार्कर वापरतो, त्याची पक्की शाई स्पिरिटमध्ये विरघळते.

आणि एक शाई अशी आहे की जिच्या मागे लागूच नये. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं आणि उजेडात ते काळं पडतं. साबण, लिंबू, स्पिरिट, काहीच तिच्यावर चालत नाही. नख वाढेल, कातडी बदलेल, तेव्हाच ती जाते.

डाग कशाचा ते आठवत नसेल तर सोपी परीक्षा करा. पांढऱ्या सुती कापडाचं टोक पाण्यात भिजवून डागावर दाबा. कापडाला रंग लागला तर शाई पाण्याची. नाही लागला तर दुसरं टोक स्पिरिटमध्ये बुडवून दाबा. आता रंग आला की समजायचं, हिला स्पिरिट हवं.

काय काय लागेल

मेडिकलमध्ये सर्जिकल स्पिरिट मिळतं, त्याची छोटी बाटली पुरते. ते नसेल तर हाताचं सॅनिटायझर चालतं. २०२० साली कोरोनात आणलेल्या बाटल्या अजून काही घरांत आहेत. पण बाटलीवर ६० ते ८० टक्के अल्कोहोल लिहिलंय का ते बघा, आणि झाकण सैल राहिलेली बाटली घेऊ नका, तिच्यातलं अल्कोहोल उडून गेलेलं असतं. रंगीत सॅनिटायझरही नको. याशिवाय जुन्या पांढऱ्या धोतराचे नाहीतर चादरीचे तुकडे, कापूस, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि एक प्लास्टिकची पिशवी.

एक गोष्ट आधीच सांगतो. स्पिरिट पटकन पेट घेतं आणि त्याची ज्योत दिवसा उजेडात धड दिसतही नाही. चूल, गॅस, देवापुढचा दिवा यांच्यापासून लांब, अंगणात किंवा खिडकीपाशी बसून काम करा. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका. हे स्पिरिट पोटात गेलं तर विष आहे.

डाग काढायची रीत

१. पर्स पूर्ण रिकामी करा. पैसे मोजून, पासबुकं आणि चेकबुक घेऊन सगळं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्पिरिटच्या जवळ कागद नको. का, ते पुढे सांगतो.

२. शाई ओली असेल तर आधी कोरड्या कापडाने टिपून घ्या. चोळू नका. चोळलं की रुपयाएवढा डाग बशीएवढा होतो. शाई फारच ओली असेल तर वर टाल्कम पावडर टाका, ती शाई शोषेल. मग झटकून टाका.

३. अस्तर बाहेर ओढून बघा. खिशासारखं उलटं बाहेर आलं तर काम सोपं. त्याच्या मागे आधी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यावर पांढऱ्या कापडाची घडी ठेवा. पिशवीमुळे स्पिरिट बाहेरच्या बाजूला पोचत नाही. आठवडी बाजारातल्या पर्स बहुतेक रेक्झिनच्या असतात आणि स्पिरिट लागलं की रेक्झिनची चमक आणि रंग दोन्ही जातात. अस्तर तळाला गोंदाने चिकटवलेलं असेल तर ते ओढू नका आणि जास्त भिजवूही नका, नाहीतर गोंद सुटेल. तिथे फक्त ओलसर कापसाने टिपायचं.

४. कोपऱ्यात न दिसेल अशा जागी एक थेंब लावून बघा. अस्तराचाच रंग निघत असेल तर तिथेच थांबा.

५. कापूस स्पिरिटमध्ये भिजवून पिळा. डागाच्या कडेपासून मध्याकडे टिपत जा. मधून सुरुवात केली तर शाई बाहेर पसरते. विरघळलेली शाई खालच्या घडीत उतरते, म्हणून घडीची जागा सरकवत राहा. कापूसही बदलत राहा. मळलेला कापूस पुन्हा टेकवला तर तीच शाई परत अस्तरात जाते. पाच-सात वेळा हे करावं लागतं. एका दमात होत नाही.

६. डाग गेला की साबणाच्या थंड पाण्यात कापड पिळून अस्तर पुसा, मग साध्या पाण्याच्या कापडाने. साबण राहिला तर तिथे धूळ चिकटते.

७. पर्सची चेन उघडी ठेवून सावलीत उलटी टांगा. पावसाळा असेल तर पंख्याखाली. हात लावून अस्तर पूर्ण कोरडं झाल्याची खात्री झाली की मगच पैसे आणि कागद आत ठेवा. दमट अस्तराला बुरशी येते आणि ती पासबुकाला लागते.

हे करू नका

गरम पाणी आणि इस्त्री नको, उष्णतेने डाग पक्का होतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन रेक्झिन खातं, काही चमकदार अस्तरंही विरघळवतं. रॉकेल आणि पेट्रोलने आग लागायची भीती, आणि वास तर महिनोन् महिने जात नाही. ब्लीचने अस्तराचा रंग उडतो आणि धागा कुजतो. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

लिंबू-मीठ आणि दूध यांबद्दल बायका हमखास विचारतात. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत. तिचा काळा रंग लोखंडामुळे येई, म्हणून तिच्या डागावर लिंबाचा गुण यायचा. आजच्या बॉलपेनच्या शाईत लोखंड नाही, त्यामुळे लिंबू काम करत नाही. दूध अस्तरात मुरून आंबतं आणि मुंग्यांना बोलावणं जातं.

एवढं करूनही फिका डाग राहिला तर वाईट वाटून घेऊ नका. ओली शाई निघून गेली, आता ती कागदाला लागणार नाही, हे महत्त्वाचं. वरून जुन्या सुती साडीचा तुकडा शिवून टाकला की झालं.

जे अस्तरावरून निघतं, ते कागदावरूनही निघतं

आता मघाची राहिलेली गोष्ट. ज्या स्पिरिटने अस्तरावरची बॉलपेनची शाई निघते, त्याच स्पिरिटने कागदावरचं बॉलपेनचं अक्षरही फिसकटतं. म्हणून पासबुकावर किंवा इतिवृत्ताच्या वहीवर डाग पडला तर तो काढायला जाऊच नका. डागाबरोबर आकडा जाईल, सही जाईल. पान उघडं ठेवून वाळू द्या. पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर तो मजकूर नव्या पानावर उतरवा, खाली पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या आणि तशी नोंद इतिवृत्तात करा. जुनं पान फाडू नका. आकडा चुकला तरी व्हाइटनर लावायचा नाही. एक आडवी रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. पंचसूत्रीतलं नोंदी ठेवणं म्हणजे हेच.

नोटांनाही स्पिरिट लावू नका. मळलेल्या नोटा कुठल्याही बँकेच्या शाखेत बदलून मिळतात.

आणि चेक. आपल्याला घरच्या घरी कापसाने शाई काढता येते, तशी ती वाईट हेतूच्या माणसालाही काढता येते. चेकवरचं नाव आणि रक्कम धुवून दुसरी लिहायची फसवणूक जगभर होते. म्हणून कोऱ्या चेकवर आगाऊ सही करून ठेवायची सवय ज्या गटात असेल, त्यांनी ती आजच मोडावी. 'अध्यक्षताई माहेरी जाणार आहेत, म्हणून सही घेऊन ठेवली,' हे कारण चालणार नाही. नाव आणि रक्कम लिहा, अक्षरी रकमेपुढे रेघ ओढा, आणि सही सगळ्यात शेवटी करा. लिहायला पक्क्या रंगकणांचं जेल पेन मिळालं तर तेच वापरा, त्याची शाई कागदाच्या धाग्यात बसते आणि सहज धुतली जात नाही. चेकवर खाडाखोड झाली तर तो रद्द करून नवा लिहा.

ही काळजी आम्ही एवढी का सांगतो? नाबार्डने १९९२ मध्ये बचत गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून गटाची पत ठरते ती त्याच्या वह्यांवरून. तारण म्हणून आपल्याकडे शेत नाही, सोनं नाही. बँकेसमोर ठेवायला आहेत त्या आपल्या नोंदी आणि आपल्या सह्या. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव नायगाव आपल्याच तालुक्यात. त्यांच्या तालुक्यात आजही एखादी आजी अंगठ्याऐवजी पहिल्यांदा सही करते तेव्हा बैठकीत टाळ्या वाजतात. ती सही स्पष्ट राहिली पाहिजे.

डाग पडूच नये म्हणून

पेन पर्समध्ये सुटं टाकू नका. टोक अस्तराला टेकलं की कापड दिव्याच्या वातीसारखी शाई ओढून घेतं. टोपण लावा, नाहीतर बटण दाबून टोक आत घ्या. टोक वरच्या बाजूला ठेवा. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी आतून लावून सुती कापडाची उभी, अरुंद थैली शिवा. गटात एकीकडे शिलाई मशीन असली तर तासाभरात सगळ्यांच्या थैल्या होतील. पॅडला वेगळी झाकणाची डबी करा. वैशाखात गाडीच्या डिकीत पर्स ठेवू नका, उन्हाने शाई पातळ होऊन गळते. गळकी रिफिल 'अजून थोडी चालेल' म्हणून जपू नका.

येत्या बैठकीत बचत मोजून झाली की दहा मिनिटं काढा. पर्स रिकाम्या करा, अस्तर बाहेर ओढा आणि बघा कुठे काय लागलंय. आणि चेकबुक उघडून एकदा खात्री करा, कोऱ्या चेकवर कोणाची सही तर नाही ना.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.