काळा रंग न लावता काळी होणारी मडकी

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात सॅन इल्देफोन्सो हे तेवा भाषा बोलणाऱ्या मूलनिवासींचे छोटे गाव आहे. तिथली आरशासारखी चकचकीत काळी मडकी नावाजलेल्या संग्रहालयांत मांडलेली आहेत. गंमत म्हणजे, त्यांना काळा रंग लावलेलाच नसतो.

१८८०मध्ये जवळच्या सांता फे शहरात रेल्वे पोहोचली. पाठोपाठ धातूची स्वस्त भांडी आली आणि घरोघरी मडकी घडवण्याचे काम मागे पडले. पुढे १९०८च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्यूएट यांच्या उत्खननात जुनी खापरे सापडली. तशी भांडी पुन्हा करता येतील का, हा प्रश्न गावातल्या मारिया मार्टिनेझ यांच्याकडे आला. त्यांचे पती ज्युलियन त्याच खोदकामावर मजूर होते. दोघांनी अनेक वर्षे प्रयोग केले.

मारिया चाक वापरत नसत. मातीत ज्वालामुखीची राख मिसळायची, वळ्या एकावर एक रचून भांडे उभे करायचे, त्यावर लोहयुक्त मातीचा पातळ लेप देऊन गुळगुळीत दगडाने तासन् तास घोटायचे. मग गोवऱ्या आणि लाकडाच्या जाळात भाजायचे. हवा खेळती ठेवली, तर हे भांडे तांबडेच निघते. पण जाळ ऐन भरात असताना त्यावर घोड्याच्या वाळलेल्या लिदीचा भुगा ओतला की ऑक्सिजन तुटतो. लेपातले तांबडे लोह ऑक्साइड काळ्या रूपात बदलते, शिवाय धुरातला कार्बन मातीत मुरतो. विदर्भातल्या महापाषाणीय दफनस्थळांत सापडणारी काळी-तांबडी भांडीसुद्धा हवेच्या अशाच कमी-जास्तपणातून घडली आहेत.

१९१९च्या सुमारास दोघांना आणखी एक युक्ती साधली. घोटलेल्या भांड्यावर ज्युलियन मातीच्या लेपाने नक्षी काढत आणि ती घोटत नसत. त्यामुळे काळ्यावर काळीच, पण मंद नक्षी उमटे. जुन्या खापरांत हे नव्हते. म्हणून याला नुसते पुनरुज्जीवन म्हणणे मला अपुरे वाटते.

या चकाकीची किंमतही आहे. आच फार वाढली तर ती उडते, म्हणून भाजणी साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या आसपासच ठेवावी लागते. एवढ्या आचेवर माती सच्छिद्र राहते. आपल्या माठाला तेच हवे असते, झिरपणाऱ्या पाण्याने तो गार होतो. इथे मात्र पाणी भरले की चकाकी डागाळते. स्वयंपाकघरातून सुटलेली मडकी परतली, ती थेट दिवाणखान्यात. मारिया यांनी ही रीत गावातल्या इतरांनाही शिकवली, आणि १९८०मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही गावात ती चालू राहिली.